ओळख दाखवायची नाही

"अवं सुरभी, तू इथं काय करून राह्यली व?"

आत्याचा आवाज पाठीमागून आला. स्कार्फ डोक्यापासून हनुवटीपर्यंत दोन वेढे घेऊन बांधलेला, डोळ्यांवर गॉगल, वरून भुरभुर पाऊस... तरी आमच्या विमलताई आत्यानं मला चपलांवरून ओळखलं. बाभुळगावहून वीस-पंचवीस किलोमीटर गाडी हाकत मी यवतमाळला दत्त चौकातल्या मेडिकलमध्ये आले होते, ते फक्त गावातल्या कोणी पाहू नये म्हणून. आणि आत्याला नेमकं त्याच दिवशी, त्याच मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या!

माझी चिठ्ठी काउंटरवर उघडी पडली होती. एकवीस गोळ्यांचं पाकीट काउंटरमागच्या पोराच्या हातात होतं. ते पाकीट कशाचं असतं, हे लग्न झालेल्या बायकांना दहा फुटांवरूनही कळतं. आणि मी बिनलग्नाची, सव्वीस वर्षांची... झालं! आता संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाभुळगावात बोंब.

तेवढ्यात ते पाकीट दिसेनासं झालं. कुठं गेलं, कसं गेलं, मला कळलंच नाही. चिठ्ठीही गेली. तो पोरगा आत्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, चेहरा काहून असा लाल झाला तुमचा? जिना चढून आल्या काय? बसा बरं आधी. बीपी मोजू."

"जिना? कोणता जिना? मी तर आटोनं आली."

"तरी बसा."

आत्या बसली. माणसानं फुकट बीपी मोजतो म्हटलं की आमची आत्या कुठंही बसते. तो तिच्या दंडाला पट्टा गुंडाळत राहिला, वावरात डवरणी झाली का, कपाशीची पऱ्हाटी कशी आहे, विचारत राहिला, आणि आत्याची पाठ माझ्याकडे वळली तेव्हा एक खाकी पाकीट काउंटरवरून हळूच माझ्याकडे सरकलं.

मी पैसे ठेवले आणि कसंबसं म्हटलं, "थँक्यू... तुम्ही..."

"मी काही पाह्यलं नाही," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "इथं कोण काय घेते, ते आमाले दिसतच नाही."

बाकीच्या पोरी मेडिकलवाल्याला सर्रास 'भाऊ' म्हणतात. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं बरं.

आता सांगूनच टाकते. त्या गोळ्या माझ्या केसांसाठी होत्या. डोक्यावरच्या नाही, हनुवटीवरच्या. सोळाव्या वर्षी दोन आले, मग चार, मग जबड्याच्या कडेनं रांगच. दहा वर्षं मी दोरा, चिमटा, मेण, सगळं करून पाहिलं. आठ दिवसांत पुन्हा हजर! गावात माझं सेतू केंद्र आहे. दिवसभर लोकांचे फोटो काढते, 'मान सरळ, हनुवटी वर' म्हणते, आणि स्वतःची हनुवटी मात्र ओढणीत. आमच्या यवतमाळात एक बरं आहे, ऊन इतकं की सगळ्याच पोरी तोंड बांधून फिरतात. कोणी विचारत नाही.

शेवटी यवतमाळला त्वचेच्या डॉक्टर सुमेधा मॅडमकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की हार्मोनचं गणित बिघडलंय, त्यात तुझी काही चूक नाही. मी शेतकऱ्याची पोरगी म्हणून मग माझ्या भाषेत समजावलं, "वावरात तण आहे. नुसतं निंदत बसलीस आणि तणाला पाणी देणं चालूच ठेवलंस, तर काय होईल?"

"पुन्हा उगवंल."

"आणि नुसतं पाणी बंद केलं तर?"

"जे उभं हाये ते उभंच राह्यल."

"मग दोन्ही करायचं. गोळ्यांनी पाणी बंद, आणि सुईनं निंदण."

गोळ्या दोन प्रकारच्या. एक ती एकवीस दिवसांची, हार्मोनची, बायका मूल राहू नये म्हणून घेतात तीच. दुसरी पांढरी, मूळची बीपीवाल्यांची. आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी सुईचं सिटिंग. उर्वशीताई नावाची बाई मोठं भिंग लावून एकेका केसाच्या बाजूनं केसाएवढीच बारीक सुई आत घालायची, मुळाशी विजेचा इवलासा चटका... आणि केस अलगद हातात. नियम एकच, पण कडक. दोरा नाही, चिमटा नाही, मेण नाही. सिटिंगच्या आधीचे चार दिवस तर कात्रीही नाही. केस वर दिसला तरच त्याचं मूळ सापडतं. उपटला की सुईला वाट मिळत नाही, आणि मूळ आत मजेत जिवंत. म्हणजे केस घालवायचे तर आधी चार दिवस ते मिरवायचे! स्कार्फ होता म्हणून बरं.

एकोणतीस दिवसांनी मी पुन्हा त्या काउंटरवर उभी राहिले.

"एक दिवस उशीर झाला तुमाले," तो म्हणाला.

"तुम्ही मोजता काय?"

"मोजाव लागते. एकवीस गोळ्या, सात दिवस सुट्टी. आज एकोणतीस."

"सगळ्याच गिऱ्हाइकांचं असं मोजता?"

कान लाल झाले त्याचे. मी स्कार्फच्या आत हसले. स्कार्फचा हा एक फायदा, आपण मनसोक्त हसून घ्यावं आणि समोरच्याला काही कळू नये.

त्याचं नाव कपिल. घाटंजीचा. दुकान वामनराव काकांचं, ते कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचायचे, पण कारभार कपिलचा. दर खेपेला पाकीट बांधता बांधता दोन शब्द जास्त व्हायला लागले.

"पांढऱ्या गोळीवर पाणी भरपूर प्या. अन् केळी जास्त खाऊ नका."

"काहून? केळ्यानं काय होते?"

"शरीरात पोटॅशियम वाढते. नारळपाणी पण बेतानं."

"मग खाऊ काय मी?"

"तर्रीपोहे खा ना. चौकातले. मस्त राह्यते."

"एकटी कशी खाऊ? स्कार्फ सोडावा लागंल."

"मंग... नका खाऊ," तो म्हणाला, आणि इतका हिरमुसला की वामनराव काकांनी पेपरवरून डोळे काढून पाहिलं.

दिवाळी झाली, कापूस घरात आला, तुरी वाळल्या. डिसेंबरच्या थंडीत मी गेले तर त्यानं पाकिटासोबत काउंटरवर मोसंबीच्या गोळ्यांची पुडी ठेवली. "हे चिठ्ठीवर नाही," म्हणाला. "हे माझ्याकडून." आणि मग घाईघाईनं, "खोकला नाही ना तुमाले?"

"नाही."

"तरी राहू द्या."

सहा महिने होत आले आणि फरक दिसायला लागला. आधी एक दिवसाआड कात्री लागायची, आता आठवड्याला. जे येत होते तेही मऊ, बारीक. उर्वशीताई म्हणायची, "रांग मोडली व पोरी!" मी आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागले, आणि का उभी राहते ते आता मला चांगलंच माहीत होतं. त्यानं अजून माझा चेहरा पाहिला नव्हता. मनात एकच होतं, वर्ष पूर्ण होऊ दे, हनुवटी स्वच्छ होऊ दे, मग एक दिवस त्याच्यासमोर स्कार्फ सोडायचा. त्याच्या आधी नाही. मेल्यावरही नाही!

पण फेब्रुवारीत आत्याच्या पोरीचं, अर्पिताचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. शुक्रवारी. घाटंजीला. आणि शनिवारी माझं सिटिंग. म्हणजे चार दिवसांची वाढ घेऊन मला भर मंडपात, भर दिवसा, उघड्या तोंडानं बसायचं होतं.

सकाळी पार्लरवाली आली. सुईचं तेवढं घरात माहीत होतं, गोळ्यांचं नाही. सगळ्यांचा दोरा झाल्यावर आत्या मला म्हणाली, "उपट व माय आता. लोक पाह्यतील."

"नाही आत्या. उद्या सिटिंग हाये."

"एका दिवसानं काय होते?"

"पंधरा दिवस वाया जाते."

मी नाही म्हणजे नाहीच म्हटलं. थोडी पावडर लावली, मान जरा खाली ठेवली, आणि खरं सांगते, मला माझाच अभिमान वाटत होता. लोकांनी पाहिलंही. एका बाईनं तर बोलता बोलता दोनदा हनुवटीकडे पाहिलं. मी म्हटलं, पाह्य बाई, पोटभर पाह्य.

मग पंगत बसली. वाढपी म्हणजे नवरदेवाचे, अमरचे, दोस्त. कमरेला टॉवेल खोचलेले, हातात वांग्याच्या भाजीच्या बादल्या. मी मान खाली घालून पोळी कुस्करत होते. भाजी पडली, आणखी पडायला लागली, मी म्हटलं, "बस... बस."

पळी हवेतच थांबली.

मी वर पाहिलं. कपिल!

त्यानं मला आवाजावरून ओळखलं होतं. पळी थांबली ती त्यामुळंच, हे मी शपथेवर सांगू शकते. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर आले, मग खाली सरकले... नाक, ओठ... आणि हनुवटी. तिथं ते थांबले. एक क्षण, दोन क्षण.

"अरे, तू तर तो मेडिकलवाला!" शेजारून आत्या ओरडली. "बीपीवाला!"

"हाव मावशी," तो हसून म्हणाला. "गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो ना बापा. अन् ही माह्या भावाची पोरगी, सुरभी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं? रस्त्यावरच्या खांबाकडे पाहावं तसं. "असं काय. नमस्कार," म्हणाला, आणि बादली घेऊन पुढच्या पानाकडे गेला. पुन्हा त्या रांगेला आलाच नाही. बुंदी वाढायला दुसराच कोणी आला.

सात महिने माझे अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस मोजणारा माणूस! आत्याला ओळखतो, मला नाही! सात महिने तो एका स्कार्फशी बोलत होता, स्कार्फच्या आत त्यानं कोणतीतरी देखणी पोरगी बसवली होती, आणि आज निघालं काय, तर ही दाढीवाली. बस, एवढाच अर्थ मला लागला. दुसरा कोणता लागणार?

मी ताटावरून उठले, आतल्या खोलीत गेले. पार्लरवाली सामान आवरत होती.

"काढ," मी म्हटलं. "सगळे काढ."

दोऱ्यानं आधीही पाणी यायचं डोळ्यांत, त्यामुळं माझं रडणं कोणाला वेगळं वाटलं नाही.

शनिवारी सिटिंगला गेले नाही. काय घेऊन जाणार होते? त्याच्या पुढच्यालाही गेले नाही. पाकीट संपलं, नवीन आणलं नाही. दुसरी मेडिकल नव्हती का यवतमाळात? शंभर होत्या. पण मला राग आला की मी स्वतःचंच नुकसान करते, लहानपणापासूनची खोड आहे. दीड महिना गेला. चैत्र लागला, ऊन चढलं, आणि हनुवटीवरची रांग पुन्हा दिसायला लागली. एका सकाळी सेतू केंद्रात एका म्हातारीचा फोटो काढत होते. तिच्या हनुवटीवर पांढरे केस होते, चांगले लांब. मी म्हटलं, "आजी, हनुवटी वर." तिनं अशी ऐटीत वर केली म्हणता! मला एकदम स्वतःचीच चीड आली. त्या वाढप्यासाठी मी माझ्या सात महिन्यांच्या मेहनतीवर पाणी सोडलं? त्याचं काय गेलं? गेलं ते माझंच!

त्याच दिवशी सुमेधा मॅडमकडे गेले. त्यांनी सणसणीत बोलणी दिली, पुन्हा रक्त तपासायला सांगितलं, नवीन चिठ्ठी लिहिली. "पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू. आणि आता मध्येच सोडायचं नाही. गोळी आणि सुई, दोन्ही."

बाहेर आले. दुपारचा एक, ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. अख्ख्या दत्त चौकात प्रत्येक बाई तोंड बांधून. मी माझा स्कार्फ डिकीत टाकला आणि तशीच, उघड्या तोंडानं, मेडिकलच्या पायऱ्या चढले.

कपिलनं मला पाहिलं आणि त्याच्या हातातली बरणी काउंटरवर आपटली. दुकानात वामनराव काकांशिवाय कोणी नव्हतं.

"आल्या तुमी..." तो म्हणाला. "पंचेचाळीस दिवस—"

"मोजू नका! आधी एक सांगा. त्या दिवशी पंगतीत ओळख काहून नाही दाखवली?"

"कशी दाखवू?" तो खरोखर चकित झाला होता. "शेजारी मावशी होत्या. मावशीनं इचारलं असतं, तू इले कसा ओळखते रे? मंग काय सांगतलं असतं तुमी?"

खरंच, आत्याला मी काय सांगितलं असतं?

"मेडिकलवाल्यानं गिऱ्हाइकाले बाहेर ओळख दाखवायची नसते," कोपऱ्यातून पेपरामागून वामनराव काका बोलले. "गिऱ्हाइकानं आधी दाखवली तर आपण दाखवायची. नाही तर आपण आंधळे. पोरी, पंधरा वर्षांआधी मी एका लग्नात एका पोराले नुसतं म्हटलं, आता तब्येत कशी हाये? त्याच्या होणाऱ्या सासऱ्यानं आइकलं. सोयरीक मोडली त्याची. तवापासून ह्या दुकानाचा हाच कायदा हाये."

"तुमच्या आत्यानं दाखवली," कपिल म्हणाला. "तुमी दाखवाल म्हणून मी उभा होतो ना बादली घेऊन. तुमी काही बोललाच नाही."

"मी तुमची वाट पाहत होते!"

"अन् मी तुमची."

रस्त्यावरून एक आटो भोंगा वाजवत गेला. मी आवाज खाली केला. खरं विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं.

"पण तुम्ही माझी हनुवटी पाहिली. खोटं बोलू नका. थांबून पाहिली."

"पाह्यली," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? केस होते. चांगले चार दिवसांचे. चिठ्ठीवर लिहिलं राह्यते ना मॅडमनं, शनिवारी सुई, तवर उपटायचं नाही. मले वाटलं, वा... उद्या सिटिंग असंल हिचं. एवढ्या लोकात बसली, पण उपटले नाही. घरी जाऊन मायले सांगतलं मी. नाव नाही घेतलं, काय घेते तेही नाही. नुसतं म्हटलं, आज एक पोरगी पाह्यली... लय हिमतीची हाये. मले आवडते."

इतकी वर्षं जे लपवलं, ते या माणसानं पाहिलं होतं, आणि पाहून घरी जाऊन आईला मी आवडते म्हणून सांगितलं होतं!

"मी त्याच दिवशी, पंगतीतून उठून उपटले," मी म्हटलं. "तुमच्यामुळं."

"काय?" तो असा ओरडला की काकांचा पेपर खाली आला. "माह्यापायी सिटिंग गेली? अन् ह्या गोळ्या? गोळ्या पण सोडल्या? अक्कल आहे की नाही तुमाले? दीड महिना इथं पाकीट बांधून ठेवलं मी! तुमचा नंबर होता बिलावर, पण लावता येत नाही ना... कायदा..." त्याचा आवाज फुटला. "रोज पाह्यत होतो ना मी. रोज."

आणि मग मला हसू आलं. उघड्या तोंडाचं हसू, त्याला दिसलेलं पहिलं. तो भांडता भांडता थांबला आणि नुसता पाहत राहिला.

त्यानं माझी चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. मी चिठ्ठी मागे ओढली.

"नाही. इथून नाही घेत."

"मंग कुठून?"

"समोरून. भावसिंग काकांच्या मेडिकलमधून."

त्याचा चेहरा पडला. खाडकन पडला. "रागावल्या?"

"गिऱ्हाइकाला ओळख दाखवता येत नाही ना तुम्हाला? मग आजपासून मी तुमची गिऱ्हाईक नाही. आता दाखवा."

क्षणभर त्याला कळलंच नाही. मग कळलं... आणि कान! अरे बापा, काय लाल झाले ते कान! काउंटरची फळी उचलायचं विसरून तो थेट तिच्या खालून वाकून बाहेर आला, डोकं आपटलं, चोळतच माझ्यासमोर उभा राहिला.

"नमस्कार. मी कपिल. घाटंजीचा."

"मी सुरभी. अजून वर्षभर तरी सुई चालणार आहे माझी. गोळ्याही चालतील. पुढं कधी थांबवल्या तर केस पुन्हा येऊ शकतात, असं मॅडम म्हणतात. आधीच सांगते. आणि तुम्ही मला आवडता. तेही आधीच सांगते."

"सांगतलं ते बरं केलं," तो म्हणाला. "मले आठ महिने जमलं नाही."

"जा रे बाबा, जा आता," वामनराव काका म्हणाले. "दुकान मी पाह्यतो. चांगलं गिऱ्हाईक घालवलं तू."

आम्ही रस्ता ओलांडला. भावसिंग काकांच्या दुकानात तीन बायका होत्या, तिघींची तोंडं बांधलेली. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि नेहमीच्या, मोकळ्या आवाजात म्हटलं, "काका, या गोळ्या द्या. हनुवटीवर केस येतात माझ्या, त्याच्यासाठी."

भावसिंग काका चिठ्ठीऐवजी कपिलकडे पाहत राहिले. तिघींपैकी एक हळूच जवळ सरकली. स्कार्फच्या फटीतून तिचे डोळे तेवढे दिसत होते. "फरक पडते का व ताई?" तिनं इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला वाकावं लागलं.

"पडते. नुसत्या गोळीनं नाही, नुसत्या सुईनंही नाही. दोन्ही सोबत. मॅडमचा पत्ता देते तुला."

मी तिला पत्ता लिहून देत होते तेव्हा भावसिंग काकांनी शेवटी विचारलंच, "काय रे कपिल, तू माह्या दुकानात? अन् ह्या कोण?"

कपिलनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"सुरभी," तो म्हणाला. तीन बायकांना, काकांना, बाहेर उभ्या आटोवाल्यालाही ऐकू जाईल असं. "मी ओळखतो हिले. चांगला ओळखतो."